डाव्या हाताचा वेढा

लढाई संपून आकाराम कडेगावला परत आला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा आता थोरल्या भावाच्या हाताखाली शेतीला लागणार. थोरला भाऊ नानासो तर वाटच बघत होता. विहिरीवर ऊस उभा होता आणि राबायला माणूस कमी होतं. पण आकारामनं आल्या आल्या सोप्यात, जिथं दिवसभर उजेड असतो तिथं, एक फळी ठोकली. तिच्यावर पक्कड, पेचकस, कथलाची गुंडाळी आणि डाग द्यायचं तांब्याच्या टोकाचं लोखंड मांडलं आणि सांगून टाकलं, "मी रेडिओ दुरुस्त करणार."

नानासोनं फळीकडं बघितलं, मग भावाकडं बघितलं. "आख्ख्या पेठेत रेडिओ हाय एक. त्यो बी रसूल तांबोळ्याचा. एका म्हशीवर गावाला रतीब घालणार व्हय रं?"

"आज एक हाय दादा. उद्या धा हुतील."

"आन् तवर आमी काय खायाचं? कथील?"

आतून राहीबाईचं हसू ऐकू आलं. राहीबाई म्हणजे आकारामची बायको. माहेर रहिमतपूरचं. बोलायला कमी, पण हसू आलं की दाबता येत नसे. नवरा लढाईवर होता तोवर तिचं हे हसू कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून आकारामला ते फार गोड वाटायचं. भावाचं टोचून बोलणंसुद्धा त्या हसण्यामुळं त्याला लागलं नाही.

आकाराम काही हवेत बोलत नव्हता. फौजेत तो बिनतारी यंत्रं दुरुस्त करायच्या वर्कशॉपात होता. आधी रांचीला, मग पुढं आसामात. हात तयार होता. कमी होतं ते फक्त मीटर. वीज काही डोळ्यांना दिसत नाही. ती कुठवर आली, किती आली, कुठं अडली, हे मीटरचा काटा सांगतो. एक काचेची डबी, तिला दोन तारा, एक लाल आणि एक काळी, टोकाला टोचायच्या काड्या. काड्या लावायच्या आणि काटा बघायचा. ते नसेल तर रेडिओ उघडून बसणारा माणूस म्हणजे नाडी न बघता काढा देणारा वैद्य.

नानासोला हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मंग आण की त्ये. खंडेनवमी आली. आपण नांगराचा फाळ, कुऱ्हाड, खुरपी मांडून पुजतूय. तुजं हत्यार मांड त्यांच्या वळीत. मांडलंस आन् त्याच्यावर काम करून दावलंस, तर तुजा धंदा मी मानला. न्हाई तर गुऱ्हाळ लागलं की चरकावर यायचं, आन् ही फळी चुलीत घालायची. कबूल?"

"कबूल," आकाराम म्हणाला. त्याला काळजी कसलीच नव्हती, कारण सांगलीत लालासाहेब होता.

लालासाहेब आणि आकाराम एकाच वर्कशॉपात, एकाच टेबलाला होते. टेबल एक आणि दोघांत मीटरही एकच. लालासाहेब डावरा. त्यामुळं दोघं समोरासमोर बसले की दोघांचे कामाचे हात मीटरच्या एकाच बाजूला येत. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. लाल काडी लालासाहेबाच्या हातात, काळी आकारामच्या. एकानं म्हणायचं, "ठेव", दुसऱ्यानं ठेवायची आणि दोघांनी मिळून काटा वाचायचा. असं करत करत ते इतके सरावले की 'ठेव' म्हणायचीही गरज उरली नाही. उस्ताद पंजाबी होता. तो म्हणायचा, तुम्ही दोघं मिळून एक मिस्त्री आहात, पगार मात्र सरकार दोन देतंय.

हाच उस्ताद लालासाहेबाच्या कामाची चेष्टाही करायचा. डाग द्यायच्या आधी तार खिळ्याला गुंडाळावी लागते. सगळे जण घड्याळाच्या काट्यासारखी गुंडाळतात. लालासाहेबाची तार उलटी जायची. शंभर जोडांत त्याचा जोड आंधळ्यालाही कळावा. उस्ताद बोटानं चाचपून म्हणायचा, "यह बाएँ हाथवाले का है."

लढाई संपल्यावर फौजेचं उरलंसुरलं सामान ढिगानं विकायला निघालं. सांगलीत पेठेमागच्या एका बोळात असल्या सामानाचं दुकान निघालं होतं, आणि तिथं लालासाहेब कामाला लागला होता. मीटर पाहिजे असं कार्ड आधी टाकून, मग आकाराम मोटारीनं विट्यावरून, तासगावावरून, धूळ खात सांगलीला पोचला. दुकानात शिरला तर लालासाहेब तारांच्या वेटोळ्यांवर मांडी घालून बसलेला.

"आरं तिच्या मायला! आकाराम!" लालासाहेब उठला तो गळ्यातच पडला. "जाड झालास की रं गड्या. वहिनीच्या हातचं लागलंय अंगाला."

"आन् तू तसाच वाळका. सांगलीचं पाणी न्हाई लागलं?"

"पानी लागतंय, पर मालक रक्त पितुय त्याला काय करू?"

दोघं खूप हसले. मग आकारामनं मीटरची गोष्ट काढली. लालासाहेबानं आतल्या फडताळातून दोन मीटर काढून पुढं ठेवले.

एक दिसायला देखणा. काळं कुळकुळीत कवच, काच स्वच्छ, आकडे ठसठशीत, जणू काल कारखान्यातून आलेला. दुसऱ्याचं कवच एका कोपऱ्यात फुटलेलं, वर चिकटपट्टी मारलेली, काचेला तडा. आकारामचा हात आधी गेला तो फुटक्यावर. तो अगदी त्यांच्या टेबलावरच्या मीटरसारखा होता. तसलाच गोल खटका, तसलाच बारीक काटा.

लालासाहेबानं तो त्याच्या हातातून हलकेच काढून घेतला. "त्ये मढं हाय रं. आतनं पार जळलंय. सुट्या भागांसाठी ठेवलंय मी. ह्यो घे. ह्यो मी तुज्यासाठनं बाजूला काढून ठिवला हुता. दोन गिऱ्हाइकं परत लावली."

आकारामनं देखणा मीटर जवळ ओढला आणि त्यांची नेहमीची परीक्षा सुरू केली. दोन्ही काड्या एकमेकींना लावल्या. काटा सर्रकन पार टोकाला गेला. विजेरीचा एक सेल घेऊन त्याला काड्या लावल्या. काटा दीडावर उभा राहिला. मग अंगठे ओले करून काड्या दोन हातांत धरल्या. काटा जरासा हलला, आपल्या अंगातून जाणाऱ्या विजेला जेवढा हलावा तेवढा. या तीन परीक्षा झाल्या की मीटर जिवंत, असं त्या टेबलावर ठरलेलं होतं. उस्तादानं चौथीही शिकवली होती, मोठ्या दाबाच्या विजेवर लावून बघायची. पण आसामात मोठ्या दाबाची वीज कधी असायची, कधी नसायची, म्हणून ती दोघांनीही सोडून दिली होती.

सांगलीत मात्र वीज होती. दुकानात वर दिवा लोंबत होता. आकारामनं एकदा त्या दिव्याकडं बघितलंही. पण आमच्याकडं बैल घेताना एक रीत आहे. बाजारात घेतला तर त्याचं तोंड फाकून दात मोजायचे. सोयऱ्याच्या दावणीचा घेतला, तर नुसता पाठीवर हात फिरवायचा. सोयऱ्यासमोर बैलाचं तोंड उघडणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला लबाड म्हणणं. तीन परीक्षा म्हणजे पाठीवर हात फिरवणं झालं होतं. चौथी केली असती तर ते दात मोजणं झालं असतं.

तेवढ्यात लालासाहेबानं चहाची कपबशी त्याच्या हातात दिली. दोन्ही हात गुंतले आणि दिवा राहून गेला.

मीटरच्या पाठीमागं चार स्क्रू होते. लालासाहेबानं त्यांवर लाल लाखेचे ठिपके लावले होते. "ही माजी लाख," तो म्हणाला. "कुणाला उघडू देऊ नगंस, तू बी उघडू नगंस. काय बिघडलं तर सरळ माज्याकडं घिऊन ये."

"मी कशाला उघडतूय?" आकाराम म्हणाला.

खंडेनवमीच्या सकाळी नानासोनं अंगण सारवून घेतलं, पाट मांडला आणि हत्यारं ओळीनं ठेवली. फाळ, कुऱ्हाड, खुरपी, विळा, वडिलांची तलवार म्हणून जपलेलं एक गंजकं पातं. आणि सगळ्यांच्या शेवटी, झेंडूच्या फुलांत बसलेला मीटर. शेजारपाजारचे बघायला आले. "त्याचा काटा वाकडा का?" "आता वीज न्हाई म्हणून निजलाय." आकाराम उत्तरं देत होता आणि त्याची छाती पुढं आली होती.

नानासो तांब्यातलं पाणी आंब्याच्या पानानं शिंपडत ओळीनं आला. मीटरजवळ आला तेव्हा राहीबाई पटकन वाकली आणि तिनं मीटरवर आपले दोन्ही तळवे धरले. मग करंडा उघडला, बोटानं काचेच्या कडेला मेणाचा बारीक ठिपका लावला आणि त्यावर कोरडं कुंकू टेकवलं. जसं स्वतःच्या कपाळाला लावायची, तसं. मान वर करून आकारामकडं बघितलं आणि हसली. आकारामचे डोळे तिकडं होते, पण लक्ष शेजाऱ्याला वीज समजावून सांगण्यात होतं.

पहिलं काम दिवाळीच्या आधीच आलं. रसूल तांबोळ्याचं पानाचं दुकान पेठेत, जिथं मोहरमात ताबूत भेटतात त्या मैदानाच्या तोंडाला. त्याचा रेडिओ बॅटरीवरचा, कारण कडेगावात वीज नव्हती. त्या दिवसांत बातम्या ऐकायला अर्धं गाव त्याच्या फळीपाशी उभं असायचं. आणि नेमका आवाज बारीक झाला.

"आकारामभाऊ," रसूल म्हणाला, "बॅटरी नवी हाय. परवाच कराडास्नं आणलीया. तरी आवाज बघा, म्हातारीच्या कण्हण्यागत."

आकारामनं मीटर काढला. बघायला माणसं जमली होतीच. नानासोही बाजारातून येता येता थांबला. बॅटरी नव्वद व्होल्टची होती. काड्या लावल्या. काटा उठला आणि साठाच्या जरा पुढं जाऊन थांबला. आकारामनं काड्या काढल्या, टोकं पुसली, परत लावली. काटा परत तिथंच.

"बॅटरी मेलेली हाय, रसूलभाई," आकाराम म्हणाला. "नवी म्हणून जुनी दिली तुमाला."

"खात्रीनं सांगताय?"

"मी न्हाई सांगत. ह्यो काटा सांगतुय."

रसूल तापट माणूस. बॅटरी आणि रेडिओ पोत्यात घालून दुसऱ्या दिवशी कराडला गेला आणि भरल्या दुकानात दुकानदाराला चोर म्हणाला. दुकानदारानं आपला मीटर काढला आणि बॅटरीला लावला. काटा बरोबर नव्वदावर. वर त्यानं रेडिओ उघडला, आतल्या एका काचेच्या व्हॉल्व्हचे गंजलेले पाय कानशीनं खरवडले आणि आवाज खणखणीत करून दिला.

परत आल्यावर रसूल ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. सोप्याच्या पायरीवर उभा राहिला, आत आला नाही. "माज्या बापानं ह्या पेठंत कदी कुणाला चोर म्हटलं न्हाई, आकारामभाऊ. तुमी माज्या तोंडातनं म्हणवलं. दहा माणसांम्होरं माफी मागून आलूय." एवढं बोलून गेला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आकारामच्या काट्याचं पेठेत हसं झालं. नानासो जेवायला बसला तेव्हा म्हणाला, "गुऱ्हाळाचा मुहूर्त काढलाय. काय त्ये समज."

आकाराम फळीपाशी बसून राहिला. सांगलीत मीटर बरोबर होता, कारण लालासाहेबानं दिला होता. मग बिघडला कधी? मधे काय झालं? मधे खंडेनवमी झाली होती. पाणी झालं होतं.

पाणी शिंपडलं होतं नानासोनं. पण थोरल्या भावाला कोण बोलणार? राहीबाई भाकरीची पाटी घेऊन आली, तसा आकारामचा राग तिच्यावर फुटला.

"कशाला पुजा करायला गेलीस त्याची? पाणी गेलं आत. नासलं सगळं."

"आवं, पाणी कुठलं? म्या हात धरला हुता वरनं. थेंब पडू दिला न्हाई. नुसतं मेण आन् कुंकू…"

"तू शिकवणार मला? फाळ आन् मीटर सारखंच दिसलं तुला. अडाणी ती अडाणीच! हात लावायचा न्हाई ह्याच्या म्होरं, माज्या कुठल्याच वस्तूला."

राहीबाईनं पाटी खाली ठेवली. ती आत निघून गेली. दोन दिवस ती सोप्यात आलीच नाही. आणि तिचं ते दाबता न येणारं हसू घरातून नाहीसं झालं.

पाणी गेलंय तर उन्हात वाळवावं, म्हणून आकारामनं दुपारच्या उन्हात मीटर अंगणात ठेवला. बंद डबी काही वाळेना. उघडावी तर लाख आडवी. लालासाहेबाला शब्द दिला होता. बराच वेळ तो पेचकस हातात घेऊन नुसता बसला होता. शेवटी मनात म्हणाला, लालासाहेबाला सांगू, पाणी गेलं होतं म्हणून उघडलं. तो समजून घेईल. आणि त्यानं लाख फोडली.

आत पाण्याचा थेंब नव्हता. ओल नव्हती, गंजाचा डाग नव्हता. पाणी कधी तिथवर पोचलंच नव्हतं.

पण एका बाजूला आतली भिंत काळवंडलेली होती. जुनी आग लागून गेली होती तिथं. मीटरमधे विजेचा जोर मापात अडवायला रेझिस्टन्स म्हणून बारीक नळ्या असतात. छोट्या दाबाच्या नळ्या कारखान्यातल्या होत्या तशाच होत्या. मोठ्या दाबाच्या जळून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी कुठल्या तरी मोडक्या रेडिओतल्या, अंदाजानं निवडलेल्या नळ्या बसवल्या होत्या. काटा हलावा एवढंच त्यांचं काम. खरं सांगणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. वरचा रंग खरवडून काढला होता, म्हणजे त्या वेगळ्या आहेत हे पटकन दिसू नये.

आकारामनं नख लावून जोड चाचपला. तार उलटी गेली होती. दुसरा जोड बघितला. तोही उलटा. तिसरा. उस्तादाचा आवाज कानात आला.

मग त्याच्या एकेक ध्यानात येऊ लागलं. काड्या एकमेकींना लावायच्या, सेलला लावायच्या, ओल्या अंगठ्यांत धरायच्या. या तिन्ही परीक्षांना लागणारा भाग तेवढा शाबूत होता. चौथी परीक्षा आकाराम करणार नाही, हे ठाऊक असलेला माणूस जगात एकच होता. हा मीटर दुसऱ्या कुणाला फसवू शकला नसता. तो आकारामच्याच मापानं शिवला होता, अंगरखा शिवावा तसा.

दुसऱ्या दिवशी तो सांगलीला गेला. दुकान बंद होतं, म्हणून विचारत विचारत लालासाहेबाच्या घरी पोचला. दारात त्याची बायको हरणाबाई उभी होती. नाव सांगितल्यावर तिचा चेहरा खुलला.

"आवं या या भावजी. तुमचं नाव रोज असतंय घरात. आकाराम असं करायचा, आकाराम तसं म्हणायचा. बसा. त्ये नदीवर गेल्यात, येतीलच आता."

आतल्या खोलीत खिडकीखाली टेबल होतं. आकारामनं फौजेत बघितलं होतं तसंच मांडलेलं. पक्कड डावीकडं, लोखंड डावीकडं. वर विजेचा दिवा. आणि मधोमध तो फुटक्या कोपऱ्याचा, तड्याच्या काचेचा मीटर.

"ह्ये मढं हितं कसं?" आकारामनं विचारलं.

"मढं?" हरणाबाई हसली. "आवं काय बोलताय! ह्याच्यावरच तर चाललंय समदं. दुकान सुटलं की हितंच बसत्यात. मिरजंपास्नं रेडिओ येत्यात दुरुस्तीला. म्हणत्यात, दिसाय फुटकं हाय, पर असं मीटर सांगलीत दुसरं न्हाई. मला पुसू बी देत न्हाईत."

लालासाहेब ओला पंचा खांद्यावर टाकून आला. दारातच थांबला. आधी आकारामकडं बघितलं, मग त्याच्या हातातल्या, लाख फुटलेल्या मीटरकडं. हरणाबाई चहा ठेवायला आत गेली.

"फोडलीस लाख?" लालासाहेब म्हणाला.

"फोडली."

"मला वाटलं न्हवतं, तू फोडशील."

"त्याच भरवशावर लावली हुतीस न्हवं?"

लालासाहेब खाली बसला. बराच वेळ पंच्याचं टोक पिळत होता. पंच्यात पाणी उरलं नव्हतं. "ढिगात दोनच आलं हुतं गड्या. एकाचं पोट जळल्यालं, एकाचं कवच फुटल्यालं. चांगला एकच. म्या बी तुज्यासारकं टेबल मांडायच्या ध्यासात हुतो. जलमभर मालकाचं सामान निवडत बसू? वाटलं, तुज्या गावात वीजच न्हाई. तुला मोठा दाब कवा लागणार? फुडं नळ्या मिळाल्या की तुजा गुपचूप नीट करून दीन."

"बॅटरी नव्वदाची असती," आकाराम म्हणाला. "तुला ठावं हाय."

लालासाहेबानं पंच्याची घडी करून बाजूला ठेवली.

"मला म्हणाला असतास, आकाराम, एकच हाय, आन् त्यो मला पायजे, तर मी चहा पिऊन परत गेलो असतो रं. हसत गेलो असतो."

"व्हय," लालासाहेब म्हणाला. "म्हून तर बोलवलं न्हाई तोंडातनं. तू हसत गेला असतास. मग मला हितं बसून काम झालं असतं व्हय?" तो उठला. टेबलावरचा मीटर दोन्ही हातांनी उचलून आकारामपुढं धरला. "घे. घिऊन जा ह्यो. तुज्या हातानं पयला उचलला हुतास तू."

आकारामनं मीटर घेतला आणि परत टेबलावर ठेवला. खटका मोठ्या दाबावर फिरवला. दिव्याचा गोळा काढून ठेवला. मग काळी काडी स्वतः घेतली आणि लाल काडी लालासाहेबाच्या डाव्या हातात दिली. कुणी 'ठेव' म्हणालं नाही. दोघांनी एकाच वेळी दिव्याच्या रिकाम्या खोबणीत काड्या ठेवल्या. काटा उठला आणि जिथं उभा राहायला हवा तिथं उभा राहिला, जराही न हलता. दोघांनी वाकून वाचला, पूर्वी वाचायचे तसा.

"बराबर सांगतुय," आकाराम म्हणाला. त्यानं आपली काडी काढली. लालासाहेबाच्या हातातली तशीच राहिली, अर्ध्यात धरलेली. आकारामनं जळक्या पोटाचा आपला मीटर उचलला आणि हरणाबाईचा चहा येण्याच्या आत तो बाहेर पडला.

"आवं, भावजी गेलं कुठं?" हे शब्द त्याला बोळाच्या टोकापर्यंत ऐकू आले.

तासगाव जाईपर्यंत त्याला वाटत होतं, चांगला मीटर आणायला हवा होता. हक्काचा होता. विटा गेल्यावर वाटलं, नाही आणला ते बरं. तो फळीवर असता तर रोज काळी काडी हातात घेतल्यावर समोरची जागा रिकामी दिसली असती.

मोटारीतून उतरला तो थेट रसूलच्या दुकानी गेला. फळीपाशी माणसं होती. ती सगळी असतानाच म्हणाला, "रसूलभाई, बॅटरी चांगली हुती. मीटर खोटं हुतं. न तपासता घेतलं, ही चूक माजी. कराडला जाऊन मी त्या दुकानदाराच्या बी पाया पडून यीन."

"खोटं दिलं कुणी?" कुणीतरी विचारलं.

आकारामच्या तोंडात नाव आलं होतं. ते त्यानं गिळलं. का गिळलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. "घेणारा मी," एवढंच म्हणाला. "बॅटरी घटकाभर द्या मला. खात्रीनं नव्वदाची हाय अशी तेवढी एकच वस्तू माज्या जवळपास हाय."

रसूलनं पान लावता लावता त्याच्याकडं तिरकं बघितलं. "आता काय बॅटरीला चोर ठरवताय?" माणसं हसली. पण त्यानं बॅटरी काढून दिली. "बातम्यांच्या आदी आणा. न्हाई तर ही समदी मला खातील."

आकारामनं घरी येऊन सोप्यात बैठक मारली. बॅटरीला काड्या लावल्या, एक लाल, एक काळी, दोन्ही आपल्याच हातांत. काटा साठाच्या जरा पुढं जाऊन थांबला. नव्वदाला तो इतकंच बोलतो. काड्या काढून पुन्हा लावल्या. तेवढंच. मग बॅटरीच्या मधल्या खिळ्यांवर थोडा थोडा दाब घेऊन बघितलं. प्रत्येक ठिकाणी त्याच हिशेबानं कमी. मीटर खोटं बोलत होता, पण एकसारखं खोटं बोलत होता. त्यामुळं खऱ्या जागा काचेवर खुणेनं दाखवल्या की काम भागणार होतं. नळ्या मिळेपर्यंत त्याच्यावर पोट चालवता आलं असतं. नानासोला गुऱ्हाळाबद्दल काय सांगायचं, तेही मग सांगता आलं असतं.

काचेवर खूण करायला शाई टिकेना, पुसून जाई. त्याला मेण आठवलं.

राहीबाई आत जात्यावर होती. तो उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला. "राही, पाणी गेलंच न्हवतं आत," तो म्हणाला. "लालासाहेबानं फसवलं. तुजी काय चूक न्हवती."

जातं थांबलं. "म्या तवाच सांगितलं हुतं," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

"व्हय. सांगितलं हुतंस." मग म्हणाला, "काचंवर खुणा करायच्यात. तुजं मेण आन् कुंकू पायजे. तू लावलं हुतंस तसं बारीक मला जमायचं न्हाई. येतीस?"

राहीबाई उठली. कोनाड्यातून करंडा काढला, मेणाची डबी काढली आणि उंबऱ्याच्या अलीकडं जमिनीवर ठेवून बोटानं त्याच्याकडं सरकवली.

"तुमीच लावा," ती म्हणाली. "माजा हात लागायला नगं."

आणि परत जात्यावर जाऊन बसली.

आकारामनं करंडा उचलला. सोप्यातला उजेड सरत आला होता. रसूलची माणसं बातम्यांची वाट बघत असतील. त्यानं काड्या लावल्या, दोन्ही एका मुठीत धरून बसवल्या, आणि मोकळ्या हाताच्या बोटानं, काटा जिथं थांबला होता तिथं काचेवर मेण टेकवलं. बोट जाड होतं. ठिपका पसरला. कुंकू लावल्यावर तो खुणेसारखा दिसेना, जखमेसारखा दिसायला लागला. त्यानं तो पुसला आणि पुन्हा लावायला घेतला. आत जातं फिरत होतं.